दम गेला, बाद!

कबड्डीचा पंच बघण्यासाठी उभा असतो असं लोकांना वाटतं. बघतो तर तो खराच. कुणाचा पाय रेषेबाहेर पडला, कुणाचं बोट कुणाला लागलं, हे डोळ्यांचं काम. पण निम्मं काम कानांचं असतं. चढाईला गेलेला गडी एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहिला पाहिजे आणि ते पंचाला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. याला दम म्हणतात. समोरच्या अंगणात दम तुटला की गडी बाद. आता भोवती हजार माणसं ओरडत असतात, लाऊडस्पीकरवर पाहुण्यांच्या आगमनाची सूचना चालू असते, मागं कुणाचं तरी लेकरू रडत असतं. त्या गदारोळातून एका माणसाचा श्वास वेचून काढायचा म्हणजे काय, ते पंचालाच माहीत. कित्येकदा गड्याबरोबर माझाही श्वास अडकायचा. चढाई संपली की आम्ही दोघंही धापा टाकायचो.

पोटासाठी मी अंबडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. पगार शाळेचा. पंचगिरीतून मिळायचा तो नारळ, टॉवेल आणि दोन्ही संघांच्या शिव्या. दोन्हीकडून सारख्या शिव्या आल्या की आपलं काम बरोबर झालं असं मी समजायचो.

नाना तऱ्हेचे गडी पाहिले. एक पठ्ठ्या श्वास आत घेतानासुद्धा ‘कबड्डी’ म्हणायचा. आवाज अखंड, त्यामुळं दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मी एकदा त्याच्या तोंडाकडं न बघता पोटाकडं बघितलं. बोलता बोलता पोट फुगलं. शिट्टी मारली. तो म्हणाला, “सर, ही विद्या मला कुणी शिकवली न्हाई, माझी मीच काढली. इनाम द्यायचं सोडून बाद करून राह्यले.” भोकरदनकडच्या एका जत्रेत यजमान गावाचा गडी बाद दिला तर लोकांनी मला गराडाच घातला. एक म्हातारे पुढं येऊन म्हणाले, “ह्या पोरावर देवीचा हात हाय. त्याचा दम जातच न्हाई.” मी म्हणालो, “बाबा, हात देवीचा आहे, पण कान माझे आहेत.” म्हातारे हसले म्हणून वाचलो. नंतर त्यांच्याच घरी जेवलो, पण जेवताना नजर दाराकडंच होती.

या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो. पुढची मात्र सहसा सांगत नाही.

नव्वदनंतरचे दिवस. कबड्डीत व्यावसायिक संघ म्हणून एक प्रकार असतो. एखादी कंपनी किंवा सरकारी खातं खेळाडूला नोकरीवर घेतं. नोकरी नावाला, काम खेळायचं. मुंबई-पुण्याच्या पोरांना अशा नोकऱ्या मिळायच्या. आमच्या पोरांना मिळायचं स्टीलचं पातेलं आणि ट्रकच्या मागं उभं राहून घरी येणं. अशात एका गुटख्याच्या कंपनीनं आमच्या भागात संघ काढला. कंपनीचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे तिला पुडीवाले म्हणायचो.

पुडीवाल्यांनी सगळ्यांचे डोळे दिपवले. पोरांना बूट, ट्रॅकसूट, महिन्याच्या महिन्याला पगार. मैदानाला गॅलरी, दिवे. आमच्या कबड्डी संघटनेचे सचिव अण्णा, आयुष्यभर दारोदार वर्गण्या मागून स्पर्धा भरवलेला माणूस. त्यांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. म्हणाले, “वाघमारे, मरायच्या आधी आपल्या पोरांच्या पायात बूट बघितले, बस झालं.”

या संघाचा मोहरा म्हणजे दिगंबर. तीर्थपुरीजवळच्या खेड्यातला, माझाच विद्यार्थी. घरी थोरले भाऊ शेती बघायचे, हा धाकटा. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा हा पोरगा चढाईला निघाला की असा आवाज लावायचा की मास्तर लोक खिडकीत येत. लांब, स्वच्छ, एकसारखा आवाज. पंच म्हणून मी त्याच्या सामन्याला उभा असलो की मला विश्रांती वाटायची. कान द्यावाच लागायचा नाही.

कंपनीत त्याचा हुद्दा विक्री प्रतिनिधी असा होता. सामने नसत तेव्हा त्यानं कंपनीच्या गाडीबरोबर आठवडी बाजार करायचे. अंगात संघाचा शर्ट, गाडीवर त्याचाच मोठा फोटो आणि खाली अक्षरं, ‘दमदारांची पुडी’. पोरं गराडा घालायची, तो सह्या द्यायचा आणि सहीबरोबर एक पुडी फुकट. लोक म्हणायचे, तू खाऊन दाखव. सुपारीच्या खांडालाही कधी शिवला नव्हता, तो गाडीवर उभा राहून पुडी फोडायला लागला.

मी शाळेत रोज सकाळी प्रार्थनेनंतर पोरांचे खिसे तपासायचो. त्या वर्षी माझ्या टेबलाच्या खणात जप्त केलेल्या पुड्यांचा ढीग साचला, आणि बऱ्याच पुड्यांमागं दिगंबरची सही होती.

अंबडला पुडीवाल्यांनी मोठी स्पर्धा ठेवली तेव्हा आम्हा पंचांनाही कंपनीच्या नावाचे शर्ट आले. घरी पिशवी उघडली. बायकोनं शर्ट हातात धरून उलटसुलट बघितला. ती म्हणाली, “सकाळी पोरांच्या खिशातून काढायचं अन् संध्याकाळी तेच पाठीवर लावून फिरायचं? शाळेतली पोरं तिथंच बसलेली असतील ना बघायला?”

मी म्हणालो, “मग काय करू? नाही म्हणालो तर अण्णा तोंडघशी पडतील. आणि पोरांच्या नोकऱ्या आहेत त्यात.”

“मी कुठं म्हणते काय करा. मी आपलं विचारलं.” तिनं शर्टाची घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली.

मी अण्णांकडं गेलो आणि बायको म्हणाली तेच बोललो. अण्णा चिडले नाहीत, थकल्यासारखे झाले. म्हणाले, “तुझं बराबर हाय. पण मला सांग, दुसरं कोण देतंय? सगळ्यांचे उंबरठे झिजवले. शाबासकी देतेत अन् चहा पाजतेत. हे लोक आले तर पोरांच्या चुली पेटल्या. तू नाव काढ दुसरं, मी आत्ता ह्यांना परत पाठवतो.”

माझ्याकडं दुसरं नाव नव्हतं. शेवटी मी शर्ट मोठा होतो असं सांगून माझा जुना पांढरा शर्टच घातला. कंपनीचा मॅनेजर गोड माणूस, तो म्हणाला, “सर, तुमच्या मापाचा मागवू की.” मी हो म्हणालो. बाणेदारपणा म्हणावा असं यात काही नव्हतं. मैदानावर उभं राहिल्यावर चारी बाजूंनी तेच नाव, माझ्या पाठीवर नव्हतं एवढंच.

उपांत्य सामन्यात दिगंबर पहिल्या चढाईला निघाला आणि मी कान टवकारले. आवाज ओळखीचा नव्हता. ‘कबड्डी’चं ‘कड्डी, कड्डी’ होत होतं, तेही दातांच्या फटीतून आल्यासारखं. मला वाटलं तोंडात पुडी आहे. चढाई संपल्यावर जवळ बोलावलं.

“तोंड रिकामं कर.”

“रिकामंच हाय, सर.”

“आ कर.”

त्यानं आ केला. म्हणजे करायला गेला. ओठ मागं गेले, मानेच्या शिरा ताठल्या, आणि दात उघडले ते जेमतेम दोन बोटं जातील एवढे. आत पुडी नव्हती. गालाच्या आत मात्र पांढरट, ताणलेलं कातडं दिसलं. तो माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. मागून लोक ओरडायला लागले, “पंच, खेळ चालू करा!”

मी खेळ चालू केला. पुढच्या चढायांना माझे कान त्याच्या तोंडाला चिकटून होते. दम तुटत नव्हता, पण शब्द फुटत नव्हता. हा दम चालू धरायचा की नाही? नियमात शब्द स्पष्ट हवा. मी त्याला ताकीद दिली, त्यानं मान हलवली आणि जिवाच्या आकांतानं ‘ब’ काढायला लागला. तो एक ‘ब’ निघाला की मी सुटल्यासारखा व्हायचो. सामना पुडीवाले जिंकले.

मधला दिवस रिकामा होता. मी सकाळीच त्याला गाठलं आणि जालन्याच्या एसटीत घातलं. तिथं माझ्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरबाई होत्या. वाटेत मी विचारलं, “कधीपासून?”

“मागच्या दिवाळीत चकली तोंडात जाईना, तव्हा कळलं. आधी वाटलं दाढ येऊन राह्यली.”

“घरी सांगितलं?”

“सुनीताला म्हाईत हाय. ती भाकर दुधात कुस्करून देती.” सुनीता त्याची बायको. लग्नाला दोन वर्षं झालेली, पदरात तान्ही मुलगी. “सर, कुणाला बोलू नका. ही स्पर्धा झाली की कंपनी मला कायम करणार हाय. मॅनेजर स्वतः बोलले.”

डॉक्टरबाईंनी बघितलं, हातमोजे काढले आणि शांतपणे सांगितलं, “गालाच्या आतलं कातडं घट्ट होत चाललंय. सुपारी आणि गुटख्यानं होतं. आज पूर्ण बंद केलं तर इंजेक्शनं देऊ, तोंडाचे व्यायाम करू, बऱ्यापैकी उघडेल. पूर्वीसारखं होणार नाही. बंद केलं नाही तर दुधात कुस्करलेली भाकरीही जाणार नाही. आणि याच्यातून पुढं काय निघतं ते तुम्हा दोघांना माहीत असेलच.”

दिगंबरनं विचारलं, “अन् आवाज?”

बाई म्हणाल्या, “आवाजाचं मी काय सांगू? आधी तोंडाचं बघा.”

परतीच्या एसटीत मी त्याला सांगितलं, “नोकरी सोड.”

तो माझ्याकडं वळला. “सोडून काय करू सर? चार भावांत वाटणी झाल्यावर माझ्या वाट्याला येणारं शिवार एका चढाईत पार होतंय. तुम्हाला शाळा हाय, पेन्शन हाय. मला ह्या एका तोंडाशिवाय काय हाय?” मग आवाज उतरवून म्हणाला, “कायम होऊ द्या. मंग गाडीवर जात न्हाई, खात बी न्हाई. आईची आण.”

अंबड येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चक्र. अण्णांना सांगावं, तर ते मॅनेजरला सांगतील आणि पोरगा त्याच दिवशी घरी बसेल. गप्प बसावं, तर तो कायम होईल आणि पुडी कायम होईल. अंतिम सामन्याचा पंच मीच होतो. माघार घ्यावी असंही मनात आलं. पण माझ्या जागी येणारा कंपनीचा शर्ट घालून येणार, आणि समोरच्या संघानं काय पाप केलंय? त्यांचाही घाम आहे. घरी जेवताना बायकोनं दोनदा विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं चाखून बघितलं, तर मीठ घातलंच नव्हतं.

अंतिम सामना एका सरकारी खात्याच्या संघाशी होता. माणूस मावत नव्हता. माझ्या शाळेची पोरं पहिल्या रांगेत मांड्या घालून बसलेली. पुडीवाले सुरुवातीपासून मागं होते, शेवटी शेवटी एका गुणाच्या फरकावर आले. दिगंबर शेवटच्या चढाईला निघाला. त्यानं मध्यरेषेला पाय लावायच्या आधी माझ्याकडं बघितलं, का मला तसं वाटलं, देव जाणे.

‘कबड्डी, कबड्डी.’ पहिले शब्द त्यानं मोठ्या कष्टानं स्वच्छ काढले. मग कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि वळला तोच दोघांनी त्याला कमरेत धरला. तो खाली गेला, पण हात लांब करून मध्यरेषेकडं सरपटायला लागला. लोक उभे राहिले. आवाजाची भिंत झाली. मी त्याच्या डोक्याशी वाकलो. तोंड मातीजवळ, ओठ हलत होते. ‘ड्डी... ड्डी...’ आणि मग ओठ हलत होते पण काही नव्हतं. मग त्याचा हात रेषेला लागला.

गुलाल उधळला गेला. मी शिट्टी मारली आणि हात वर केला. “दम गेला. बाद!”

असं शांत झालेलं मैदान मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मग एकदम भडका उडाला. चपला आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या. मॅनेजर आत धावला. सामन्याचे मुख्य पंच, ज्यांना कबड्डीत सरपंच म्हणतात, ते माझ्याजवळ आले. ते माझ्याहून वडील, कंपनीचा शर्ट त्यांना घट्ट होत होता. कानाशी येऊन म्हणाले, “वाघमारे, पक्कं ऐकलंस ना?”

मी म्हणालो, “ऐकलं नाही, म्हणूनच बाद.”

त्यांनी निर्णय कायम केला. दिगंबर अजून मातीत बसलेला होता. त्यानं तक्रार केली नाही. उठला आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं की पुढच्या स्पर्धेत हा पंच दिसला तर दिवे दिसणार नाहीत. अण्णांनी मला घरी येऊन सांगितलं आणि चहा न घेता गेले. त्यानंतर कित्येक दिवस मला कुठल्या मैदानावरून बोलावणं आलं नाही. दिगंबरचं तोंड कंपनीला कळायला वेळ लागला नाही. हरलेल्या खेळाडूकडं सगळेच बारकाईनं बघतात. कायम करायचं राहिलं, गाडीवरचा फोटो बदलला. त्याच्या जागी दुसरा पोरगा आला. तोही माझाच विद्यार्थी.

मी दिगंबरच्या गावी गेलो तर सुनीता दारातच उभी राहिली. म्हणाली, “सर, ते घरात हायेत. पण तुम्हाला भेटायचं न्हाई म्हणतेत. राग मानू नका, पाणी घेऊन जा.” मी ओसरीवर पाणी प्यालो. आतून तान्ह्या पोरीचा आवाज येत होता. मी सुनीताला डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. ती म्हणाली, “म्हाईत हाय. मीच नेऊन राह्यले.”

तिनं नेलं. इंजेक्शनं, व्यायाम, सगळं. मधे एकदा त्यानं पुन्हा पुडी धरली, तिनं माहेर गाठलं, मग पुडी सुटली ती सुटली. हे सगळं मला इतरांकडून कळायचं. पुढं गुटख्यावर बंदी आली, पुडीवाल्यांचा संघ मोडला आणि बाकीची पोरं रस्त्यावर आली. त्यातला एकजण मला अंबडच्या बसस्टँडवर भेटला. बूट तेच जुने, कंपनीचे. म्हणाला, “सर, तुमच्या मनासारखं झालं.” त्याची एसटी आली आणि तो चढून गेला. बंदीनं आनंद व्हायला पाहिजे होता. तो झालाही. पण त्या पोराच्या बुटांकडं बघून तो टिकला नाही.

बऱ्याच वर्षांनी, माझ्या निवृत्तीच्या सुमाराला, दिगंबरचा निरोप आला. तीर्थपुरीला त्यानं पिठाची गिरणी टाकली होती आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवत होता. मी गेलो. मैदान म्हणजे शेताची सपाट केलेली पट्टी. मुली शाळेच्या पंजाबी ड्रेसवरच खेळत होत्या, पाठीवर रंगानं आकडे काढलेले. त्यातली एक त्याची मुलगी. तो कडेला उभा होता, केसांत पीठ. बोलताना तोंड अजून कमीच उघडत होतं.

म्हणाला, “देशी दारूच्या दुकानवाला आल्ता, सर. सगळ्या पोरींना ड्रेस देतो म्हणला, औरंगाबादच्या स्पर्धेचा जाण्यायेण्याचा खर्चा देतो म्हणला. पाठीवर फक्त त्याच्या दुकानाचं नाव.”

“मग?”

“न्हाई म्हणलो. पोरींना सांगितलं तर त्या रडल्या. दोघी सोडून गेल्या. माझी पोरगी म्हणती, नाव अंगावर घातलं म्हणून कुणी दारू पितं का, बाबा? तिला काय सांगू?” तो पायानं माती सारखी करत राहिला. “तुम्ही असते तर काय केलं असतं?”

“मला ठाऊक नाही रे. मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.”

तो मुलींकडं बघत म्हणाला, “सर, एक इचारू? इतकी वर्षं इचारायचं व्हतं. त्या दिवशी माझा दम खरंच गेल्ता, का तुम्हाला मला तिथून बाहेर काढायचं व्हतं?”

मी म्हणालो, “तुलाच माहीत असणार.”

“मला आठवत न्हाई. मी फक्त रेषेकडं बघून राह्यल्तो.”

हाच प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला होता. मला वाटायचं, निदान त्याला तरी उत्तर माहीत असेल. मी म्हणालो, “दम गेला होता, दिगंबर. मला ऐकू आला नाही. आणि तुला बाहेर काढायचंही होतं. पण ते मनात होतं म्हणून ऐकू आलं नाही का, हे मला आजही सांगता येत नाही.”

मुलींचा डाव संपला. त्यानं त्यांना हात करून घरी जायला सांगितलं, शर्टावरचं पीठ झटकलं आणि म्हणाला, “चला सर, जेवून जा. सुनीतानं पिठलं केलंय.” दोन पावलं चालून थांबला. “आमच्यात तिखट नसतं बरं का. मला सोसत न्हाई, म्हणून घरात सगळेच फिकं खातेत. चालंल ना तुम्हाला?”

“चालेल की,” मी म्हणालो, आणि त्याच्या मागोमाग निघालो.